पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या जुन्या इमारतीत एक दुकान तीन पिढ्या तेच, तर शेजारचा गाळा दर दोन-तीन वर्षांनी नवा. असं का?

मुख्य कारण भाडं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली. २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. पण मूळ भाडंच शेकड्यात असेल तर ४ टक्क्यांनी मालकाच्या हाती काय लागणार? शिवाय भाडेकरू वारला तरी त्याच्यासोबत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. मग कोण सोडतंय! सोडलंच तर पागडी, म्हणजे हक्क सोडण्याची एकरकमी रक्कम, घेऊन; १९४७ च्या कायद्यात तो गुन्हा होता, नव्या कायद्याने ती रीतसर केली.

शेजारचा गाळा बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसत्या वापराच्या परवानगीवर असतो. ११ महिने किंवा ३-५ वर्षांचा करार, बाजारभावाने भाडं. साडीवाला गेला की मोबाइल कव्हरवाला, तो गेला की मोमोजवाला. बँका आणि एक कोटी किंवा जास्त भरणा (पेड-अप) भांडवलाच्या कंपन्यांना तर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षणच नाही.

पूर्वी कोण होतं हे प्रॉपर्टी कार्डावर शोधू नका, तिथे मालकाची नोंद सापडते. त्यापेक्षा दुकानाची चौकट बघा. उंबऱ्यात खाच असेल तर तिथे शटर येण्याआधी सुट्ट्या लाकडी फळ्या लावत. क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. बाकी इतिहास समोरच्या पानवाल्याला विचारा, दुपारी एक ते चार सोडून.