व्हिएतनाममध्ये मिरी स्वस्त झाली तरी जळगावात का होत नाही? पांढरी मिरी एवढी महाग का? माल कधी भरावा?

तुमचा काळ्या मसाल्याचा छोटा धंदा आहे आणि वर्षाला दीड-दोन क्विंटल मिरी लागते, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्या खरेदीसाठी जगाचा भाव रोज बघायची गरज नाही. तो कशाने हलतो एवढं कळलं तरी पुरे.

नंदुरबारच्या मिरचीचा हिशेब मिरीला लावू नका. मिरचीला यंदा भाव मिळाला की पुढच्या हंगामात लावण वाढते आणि भाव उतरतो. मिरीचा वेल लावल्यापासून पीक द्यायला तीन-चार वर्षं घेतो, म्हणून तेजीही लांबते आणि मंदीही. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या मिरीला टनाला ९ हजार डॉलरच्या वर भाव होता. तिथल्या शेतकऱ्यांनी धडाधड लागवड केली, क्षेत्र दीड लाख हेक्टरपर्यंत गेलं, आणि ते वेल लागते झाल्यावर २०२० मध्ये भाव दोन-अडीच हजारांवर आला. मग मर रोग, खताचाही खर्च निघेना, त्यामुळे अनेकांनी वेल उपटून ड्युरियन (फणसासारखं काटेरी फळ) आणि कॉफी धरली. माल कमी झाला आणि २०२४ मध्ये सरासरी पुन्हा ५ हजारांच्या वर गेली. कॉफी तेजीत असेपर्यंत तिथला शेतकरी मिरीकडे घाईने परतेल असं मला वाटत नाही.

आता आपला भाव वेगळा का? मधे सरकारी भिंत आहे. मिरीवर सर्वसाधारण आयात शुल्क ७० टक्के. शिवाय डिसेंबर २०१७ पासून किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत, त्याखालच्या भावाने देशात विकायला माल आणता येत नाही. म्हणून २०२० मध्ये व्हिएतनामची मिरी १७०-१८० रुपयांच्या हिशेबात असताना केरळातल्या कोचीच्या बाजारात मिरी तीनशेच्या वरच होती. गळती आहे ती श्रीलंकेच्या बाजूने: भारत-श्रीलंका व्यापार करारानुसार वर्षाला २५०० टन बिनशुल्क, त्यापुढे सार्क देशांच्या करारात ८ टक्के. म्हणजे ५०० चा माल बंदरावर साधारण ५४० ला पडतो. कोचीचा भाव सहाशे-साडेसहाशेच्या पुढे गेला की हा माल परवडायला लागतो आणि तेजीला लगाम बसतो. तुम्ही लक्ष ठेवायचं ते इथे. व्हिएतनामच्या बातम्या निर्यातदारांना जास्त लागू.

पांढरी मिरी त्याच वेलाची. पिकलेले दाणे आठ-पंधरा दिवस पाण्यात भिजवून साल काढतात. १०० किलो ओल्या दाण्यांतून काळी ३३ किलो निघते, पांढरी फक्त २५. काळी ७०० धरली तर ३३ किलोचे २३,१०० होतात. तेवढेच पैसे २५ किलोतून काढायचे तर पांढरी ९२४ ला विकावी लागेल, आणि मजुरी, पाणी त्यात धरलेलं नाही. त्यामुळे काळीपेक्षा जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांनी महाग पांढरी कोणी देत असेल, तर ती बहुधा वाळलेल्या काळीची यंत्राने साल काढलेली असते. फार शुभ्र दिसली तर ब्लीचचा संशय घ्या. पाण्यात भिजवलेल्या मालाचा रंग मळकट पिवळसर असतो. पांढरी पूड तर विकत घेऊच नका, पीठ मिसळलेलं डोळ्यांना कळत नाही.

खरेदीला जाताना एक लिटरचं माप आणि काटा न्या. माप न दाबता भरा, वरून पट्टी फिरवा, वजन करा. ५५० ग्रॅम चांगला माल, ५०० चालण्यासारखा. त्याखाली पोचट दाणे, काड्या जास्त. किलोमागे वीस रुपये वाचवून हलका माल घेतला तर मसाल्याला तिखटपणा यायला मिरी जास्त घालावी लागते, म्हणजे वाचलेलं तिथेच गेलं. कोचीच्या भावात 'गार्बल्ड' म्हणजे निवडलेला आणि 'अनगार्बल्ड' म्हणजे न निवडलेला. दोन्हींत साधारण वीस रुपयांचा फरक असतो, तेव्हा व्यापाऱ्याने सांगितलेला भाव कुठला ते आधी विचारा. शहाद्याकडे पपई भरपूर, त्यामुळे मिरीत मिसळल्या जाणाऱ्या पपईच्या बिया ओळखायला शिकाच: लांबट, सुरकुतलेल्या, हिरवट-तपकिरी. दाण्यांना तेलकट चकाकी असेल तर हात आखडा. २०१२ च्या अखेरीस कोचीत वायदेबाजाराच्या गोदामांतली मिरी अशाच चकाकीच्या खनिज तेलापायी सील झाली होती.

कधी भरावी? केरळची काढणी डिसेंबर-फेब्रुवारी, कर्नाटकातल्या कोडगूची त्यानंतर एप्रिलपर्यंत. पण वाळलेली मिरी वर्षानुवर्षं टिकते, शेतकरी ती दाबून ठेवतो, म्हणून हंगामात भाव कोसळेल या आशेवर बसू नका. निम्मा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, उरलेला दोन हप्त्यांत घ्या. एप्रिल-मेमध्ये मसाले करायची घरोघर गडबड असते, तेव्हा किरकोळीत घेऊ नका.

ओलावा मात्र तपासून घ्या, १२ टक्क्यांच्या आत हवा. १४ टक्क्यांचं ५० किलोचं पोतं आपल्या उन्हाळ्यात ११ वर आलं की पावणेदोन किलोच्या आसपास घटतं, ७०० च्या भावाने साधारण १२०० रुपये हवेत. आणि तेच पोतं पावसाळ्यापर्यंत तसंच ओलं राहिलं तर बुरशी धरेल. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.