इंदूरमध्ये दक्षिणेच्या खिडकीतली सक्युलंट पावसाळ्यात का सडतात?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते एवढं: इंदूरच्या रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दक्षिणेची खिडकी, आणि दिवाळीनंतर नर्सरीतून आणलेली तीन सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं: एचेवेरिया, हावर्थिया आणि जेड. व्हिडिओत सांगितलं म्हणून दर रविवारी प्रत्येकाला अर्धी वाटी पाणी. मार्चपर्यंत सगळं झकास होतं. आता ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी, काचेसारखी आरपार होऊन हात लावताच गळताहेत. पाणी वाढवू की कमी करू, असं विचारलंय.

आजपासून पाणी पूर्ण बंद करा. पान तहानेलं असेल तर सुरकुततं, पातळ पडतं, खालची पानं कागदासारखी वाळून खोडाला चिकटून राहतात. पिवळं, पाणीदार, पिलपिलीत पान म्हणजे मुळं गुदमरली आहेत. पण नुसतं पाणी बंद करून पुढच्या पावसाळ्यात हेच होणार, कारण तुम्ही पाळताय ते वेळापत्रक लंडनच्या खिडकीचं आहे.

दक्षिणेच्या खिडकीचा हिशेब बघा. इंदूर 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्त उज्जैनच्या जरा पलीकडून जातं. म्हणजे 21 जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तोही किंचित उत्तरेला कललेला. मे ते जुलै दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास शिरतच नाही, आणि वर छज्जा असेल तर एप्रिलपासूनच कारभार बंद. ऑगस्टपर्यंत सूर्य जरा दक्षिणेकडे सरकतो, पण तोवर आभाळ भरलेलं. उलट 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून 44 अंशांवरच असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि मध्ये काही आडवं येत नसेल, तर ऊन खोलीत सात फूट आत येतं. दिवाळी ते होळी तुमची झाडं खुशीत होती ती म्हणूनच. लंडनमध्ये भर जूनच्या दुपारीही सूर्य 62 अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडे हा कोन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळतो. तिथल्या माणसाने ‘साउथ फेसिंग विंडो’ सर्वांत चांगली म्हणावं हे त्याच्यापुरतं अगदी बरोबर आहे.

म्हणून ऑक्टोबर ते मार्च झाडं दक्षिणेला ठेवा आणि एप्रिल ते सप्टेंबर पूर्वेच्या खिडकीत किंवा पूर्वेच्या बाल्कनीत, पावसाची झड लागणार नाही अशा जागी. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये टाळा. काचेमागे तापलेल्या दुपारी पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. पूर्व बाजू नसेलच तर साधा पांढरा एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखी पट्टी) घ्या: 20 वॅट, 6500 केल्विन, पानांपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर, रोज 12 तास. महिन्याला साधारण सात युनिट वीज जाते. जांभळ्या उजेडाचे महागडे ‘ग्रो लाइट’ घरात नाटकाच्या रंगमंचासारखे दिसतात, आणि झाडाला त्यांची गरज नसते.

उजेडाचा पाण्याशी संबंध काय? ही झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे पाणी कमी उडतं. या पद्धतीला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात. जेड आणि एचेवेरिया ज्या कुळातली, त्या क्रॅसुलेसी कुळावरून हे नाव पडलं. ऊन कमी, हवा दमट, तर झाड मातीतून पाणी ओढतच नाही. मग माती सुकायची ती फक्त हवेने, आणि ऑगस्टच्या हवेत ती सुकत नाही. जानेवारीत जी अर्धी वाटी आठवड्यात फस्त होत होती, तीच आता दोन-तीन आठवडे मातीतच बसून राहते. ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, मेलेल्या मुळांत बुरशी शिरते आणि सड वर खोडाकडे चढते.

त्यात मातीची भर. नर्सरीत आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुधा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा असतो, आणि मोठ्या कुंडीत लावताना त्याभोवती आपल्या माळव्याची काळी माती भरली जाते. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेने फट सोडते. फट पडली की पाणी कडेने खाली पळून जातं. मधला गोळा कोरडाच राहतो, आणि एकदा भिजला की कोकोपीट पाणी लवकर सोडत नाही. कापसाला आणि सोयाबीनला उत्तम असलेली ही माती सक्युलंटच्या कुंडीत चमचाभरही नको.

आता दुरुस्ती. झाड कुंडीतून उपटून काढा, सगळी माती हाताने झाडून टाका. काळी, ओढताच साल निसटणारी मुळं कापा. मग खोडाचा तळ स्पिरिटने पुसलेल्या चाकूने आडवा कापून बघा. काप हिरवट-पांढरा असेल तर ठीक. मधे तपकिरी कडं किंवा ठिपका दिसला तर अर्धा सेंटिमीटर वर पुन्हा कापा, चाकू पुन्हा पुसा, आणि काप स्वच्छ येईपर्यंत असंच चालू ठेवा. एचेवेरियाचं खोड शेंड्यापर्यंत काळं निघालं तर झाड गेलं समजा, पण वरची घट्ट पानं वाचतात: पान हलकेच डावी-उजवीकडे हलवून बुंध्यासकट सोडवा. बुंध्याचा तुकडा खोडावर राहिला तर त्या पानातून रोप येत नाही.

कापलेली झाडं वर्तमानपत्रावर, पंख्याच्या वाऱ्यात, उन्हाबाहेर ठेवा. ऑक्टोबरात तीन दिवसांत काप सुकतो, ऑगस्टमध्ये पाच ते सात दिवस लागतात. कापावर हळद लावावी का, असं हमखास विचारलं जातं. लावा, बिघडत नाही. पण काम करतं ते सुकणं. हळद लावून ओल्या मातीत खोचलेलं खोड पिवळं होऊन सडतं, एवढाच फरक.

मिश्रण तीन चार-इंची कुंड्यांसाठी दोन लिटर पुरतं. एक लिटर जाड वाळू, अर्धा लिटर विटांचे तुकडे किंवा सिंडर, म्हणजे जळक्या कोळशाची खडी (वाटाण्याहून लहान), अर्धा लिटर चांगलं कुजलेलं गांडूळखत. बांधकामावरची नर्मदेची वाळू चालते, मात्र गहू चाळायच्या चाळणीतून काढा: वर राहील ते घ्या, खाली पडेल ते टाका. बारीक वाळू सगळ्या फटी बुजवते आणि कुंडीत सिमेंट होतं. ‘वाळू घातली तरी सडलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच वाळू असते. मुरूमही चालतो, पण चाळून आणि निवळ पाणी येईपर्यंत धुऊन. भरलेल्या कुंडीत पेलाभर पाणी ओता. दहा-पंधरा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. नाही लागली तर मिश्रण मोडून खताचा वाटा कमी करा.

कुंडी साध्या भाजलेल्या मातीची, तळाला भोक असलेली, आणि झाडाच्या पसाऱ्याहून फार तर एक इंच मोठी. तळाशी खड्यांचा थर देऊ नका. निचरा सुधारतो हा समज खोटा आहे: पाणी बारीक थरातून जाड थरात सहज उतरत नाही, ते वरच अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. चिनी मातीची बिनभोकाची गोंडस कुंडी टाकायची नसेल तर टाइलच्या बिटने, पाणी सोडत, 8 ते 10 मिलिमीटरचं भोक पाडा.

लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. त्यानंतर अर्ध्या वाटीची सवय सोडा. घोटभर पाणी वरचा इंचभरच भिजवतं आणि खालची मुळं मरतात. द्यायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत द्या, चार-इंची कुंडीला 100 ते 150 मिलिलिटर लागेल, ताटलीतलं पाणी दहा मिनिटांत ओतून टाका, आणि पुन्हा पूर्ण कोरडं होईपर्यंत कुंडीला हात लावू नका. कोरडं झालं कसं कळेल? बांबूची काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. काडी गार किंवा डागाळलेली लागली तर थांबा. त्याहून बरा उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा: समजा कोरडी कुंडी 620 ग्रॅम आणि पाणी दिल्यावर 760, तर 640च्या खाली आल्याशिवाय पाणी नाही. नव्या मिश्रणात इंदूरच्या हवेला हे अंतर नोव्हेंबर-जानेवारीत दहा ते चौदा दिवस, फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडाभर, आणि जुलै ते सप्टेंबर तीन आठवडे किंवा जास्त पडतं. मे महिन्यात आठवडाभर धरा, पण कूलरच्या झोतात कुंडी असेल तर हा आकडा विसरा. कूलर खोलीत ओली हवा सोडतो, आणि बाहेर लू चालू असताना आत कुंडी सुकतच नाही. झाड त्या खोलीतून हलवा.

तिघांना एका मापाने मोजू नका. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिला गार रात्री आणि भरपूर ऊन हवं. माळव्याच्या रात्री बडोद्याच्या मानाने गार, त्यामुळे इंदुरात ती टिकते, पण तिचा हंगाम दसरा ते होळी हाच. उजेड कमी पडला की खोड लांबतं, पानं विरळ होतात. नोव्हेंबरात शेंडा दोन-तीन सेंटिमीटर खोडासह छाटून, सुकवून पुन्हा लावा. हावर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत वाढते, म्हणून खिडकीपासून दोन फूट आतही चालते. कडक उन्हात तिची पानं तांबूस होतात. जेडचं मात्र आधी ओळखा: आपल्या नर्सऱ्यांत जेड म्हणून मिळतं ते बहुधा पोर्टुलॅकारिया असतं, नखाएवढी पानं आणि तांबूस खोड. ते उन्हाला आणि उकाड्याला पुरून उरतं. पान अंगठ्याएवढं, जाड आणि खोड हिरवट-राखाडी असेल तर ते खरं क्रॅसुला, आणि त्याला पावसाळ्यात एचेवेरियाइतकंच जपावं लागतं.

नळाचं नर्मदेचं पाणी चालतं. बोरिंगचं जड पाणी नेहमी दिलं तर कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो. तेच असेल तर महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा. आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात, ते नको. खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा, बस. चहाचा चोथा कुंडीत टाकू नका, चिलटं होतात.

माती झाडताना मुळांवर किंवा पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा बघा, आणि मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. एचेवेरियाच्या पानावरची राखाडी पावडर मात्र कीड नव्हे, मेण आहे. ती पुसू नका.

खिडकीवरचा छज्जा किती फूट बाहेर आलाय आणि जेडचं पान केवढं आहे, एवढं कळवलंत तर हिवाळ्यात कुठली कुंडी कुठे ठेवायची ते नेमकं सांगता येईल.