अवकाळी किंवा गारपिटीनंतर मदत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी?

आपल्या गावात 'सरकार देईल ते घ्यायचे' असे म्हणतात, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. ते कायद्याला धरून नाही, पण पूर्णपणे चूकही नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 12 नुसार निवारा, अन्न, पाणी व औषधोपचार यांचे किमान निकष ठरवणे आणि जीवितहानी, घरांची पडझड व उपजीविका यांसाठी सानुग्रह साहाय्याची शिफारस करणे हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे काम आहे. हे कलम ऐच्छिक नसून बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने कोविडमृत्यूंच्या प्रकरणात 30 जून 2021 रोजी स्पष्ट केले. रक्कम मात्र स्वतः न ठरवता प्राधिकरणावर सोपवली, आणि ती पुढे प्रत्येक मृत्यूमागे 50,000 रुपये ठरली. म्हणजे मदत मागण्याचा हक्क आहे, नुकसान भरून मागण्याचा नाही.

मी निफाडकडचा द्राक्ष बागायतदार आहे, त्यामुळे हा फरक मला हिशेबाच्या वहीतच दिसतो. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकाला हेक्टरी 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत आणि नुकसान किमान 33 टक्के असेल तरच. एवढ्यात आमचा फवारणीचा खर्चही निघत नाही. (राज्य कधी मर्यादा वाढवते, पण ते त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर अवलंबून असते.)

खरी अडचण पंचनाम्यात येते. आमच्याकडे गारपिटीच्या दुसऱ्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायक आले, तेव्हा पश्चिमेकडच्या ओळींची पाने फाटली होती, बाकीची बाग वरवर चांगली दिसत होती. घडातले दोन-तीन मणी तडकलेले असले, तर चार दिवसांत कूज सगळ्या घडात उतरते, हे मी हातात घड धरून दाखवले, तरी कागदावर त्या दिवशी डोळ्यांना दिसले तेवढेच आले.

अतिवृष्टीचेही तसेच आहे: ती अतिवृष्टी धरली जाण्यासाठी महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त नोंद व्हावी लागते, आणि ढगाला मंडळाची हद्द कळत नाही.

त्यामुळे ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) वेळेत करा, तारखेसह फोटो ठेवा, कूज पसरल्यास फेरपाहणीचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या. सातबारा सामाईक असेल, तर खातेदारांचे संमतीपत्र आधीच करून ठेवा. माझी रक्कम चुलत्यांच्या एका सहीसाठी अडून राहिली होती.