रेडच्या आधी बायकांशी बोल

तुझा मेसेज वाचला, पुण्याच्या बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बायकांमध्ये काम सुरू करतेयस, छान. पण लगेच पोलिसांची रेड टाकून "पोरींना सोडवायचं" वगैरे सुरू केलंस, म्हणून लिहितेय. जरा दम धर गं.

तिथं भेटेल ती प्रत्येक बाई विकून आणलेली नसते आणि प्रत्येकजण राजीखुशीनं आलेलीही नसते. एखादी पश्चिम बंगालमधनं ओळखीच्या माणसाबरोबर घरकामाला म्हणून निघते आणि इथं आल्यावर तिला कळतं की आपला सौदा झालाय. दुसरी कर्नाटकातनं स्वतः बस पकडून येते, शेतमजुरीत भागत नाही म्हणून, घरवालीशी (म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईशी) अर्ध्या कमाईवर बोलणी करते आणि पोरांच्या फीचे पैसे गावी पाठवते. पहिलीसाठी पोलिस हवेतच, आणि अठराच्या आतली असेल तर मर्जीबिर्जी काही नाही, सरळ गुन्हा. पण दुसरीला गाडीत घालून सुधारगृहात टाकलं तर तिची पोरं आणि कर्ज तू बघणारेस का?

"मर्जीनं आलीस का" असं तोंडावर विचारू नकोस, घरवालीसमोर तर नाहीच नाही. आधार कार्ड कुणाकडंय, फोन स्वतःचा आहे का, बाजारात एकटी जाते का, गिऱ्हाईकाला नाही म्हटलं तर काय होतं, कर्ज किती फिटलं हे तिला सांगतं का कुणी, असं चहा पिता पिता निघू दे, एका बैठकीत सगळं कळत नाही.

कायदा नीट वाच. १९५६ च्या पिटात (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात) धंदा करणं हा गुन्हा नाहीये. कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत (पोलिस ठाण्यातल्या कितीतरी लोकांना हे अजून माहीत नसतं, वाद घालायची तयारी ठेव). २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं मालाडच्या रेडमध्ये पकडलेल्या तीन सज्ञान बायकांना सुधारगृहातनं सोडायला लावलं. सुप्रीम कोर्टाची १९ मे २०२२ ची ऑर्डर तर प्रिंट काढून पर्समध्येच ठेव: मर्जीनं धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला रेडमध्ये अटक किंवा छळ नको, मीडियात फोटो नको, आई धंदा करते एवढ्यावरनं मूल तोडायचं नाही.

सांगलीला एकदा जाऊन ये. वेश्या अन्याय मुक्ती परिषदेत धंदा करणाऱ्या बायकाच संघटना चालवतात. वस्तीत कोवळी पोरगी आणली तर बाहेरच्यांच्या आधी त्यांनाच कळतं, आपल्याला कळेपर्यंत तिला दुसरीकडं हलवलेलं असतं. म्हणून तुझ्या गल्लीतल्या जुन्या बायकांशी आधी ओळख कर, रेडचं नंतर बोलू.