नवा रोलर कोस्टर जाहीर व्हायच्या आधीच चाहते त्याची उंची आणि वेग कसे सांगतात? त्यात विज्ञान किती आणि गप्पा किती?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आखातात कुठेतरी ३०० मीटर उंच, ताशी ४०० किलोमीटर वेगाचा रोलर कोस्टर येतोय अशी रील पाहिली आणि खाली लोक आकडेमोड करून भांडत होते. त्या रीलकडे शेवटी येतो. ती आकडेमोड आधी समजली की रीलचा निकाल तुम्हीच लावाल.

मी मूळचा पुण्याचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, सध्या ओहायोत. लेक ईरीच्या काठावरचं सँडस्कीचं सीडर पॉइंट हे पार्क गाडीने दोनेक तासांवर आहे, त्यामुळे हे वेड लागायला फार काही करावं लागलं नाही.

सगळ्या अंदाजांच्या मुळाशी अकरावीतलं एकच समीकरण आहे. वर असताना गाडीकडे स्थितिज ऊर्जा असते, खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते. वस्तुमान दोन्ही बाजूंना असतं, ते कटतं. मग उरतं ते तोंडी करण्याजोगं: उतार किती मीटरचा ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १६ ने गुणा. आला ताशी किलोमीटरमधला वेग. घर्षण आणि हवेचा विरोध धरलेला नाही, म्हणून ही वरची मर्यादा समजायची.

सीडर पॉइंटचा मिलेनियम फोर्स (२०००) घ्या. उतार ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर. सूत्राने १५३ येतात, प्रत्यक्षातला वेग १५०. शार्लटजवळच्या कॅरोविंड्समधला फ्युरी ३२५ (२०१५): उतार साडेसत्त्याण्णव मीटर, सूत्राने १५८, प्रत्यक्षात १५३. पहिल्या उतारावर गळती किती थोडी असते बघा. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे, म्हणजे तो ताशी शंभरच्या आसपास जाणार हे तिकीट काढायच्या आधीच कळतं.

गंमत खरी सुरू होते ती सूत्र उलटं वाचलं की. वेगाला १६ ने भागा आणि वर्ग करा. जे येईल तितके मीटर चढायची ताकद त्या वेगात असते. मुरलेले चाहते वेगाबद्दल बोलतच नाहीत, मनातल्या मनात सगळं मीटरमध्ये करून घेतात. कारण वेगाची बेरीज-वजाबाकी फसवते, ऊर्जेची फसवत नाही. ताशी १०० म्हणजे ३९ मीटर, पण ताशी २०० म्हणजे १५६ मीटर. वेग दुप्पट, किंमत चौपट. कॉमेंटमधली निम्मी भांडणं एवढं न कळल्यामुळे होतात.

न्यू जर्सीतला किंगडा का (२००५ ते २०२४, पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला) १३९ मीटर उंच होता आणि गाडी खालून ताशी २०६ ने सुटायची. २०६ म्हणजे १६६ मीटर. चढायचे १३९, हातात १६६. मधले २७ मीटर हवेला आणि चाकांना द्यायचे. हे दान काही दिवशी पुरायचं नाही. समोरून वारा आला, थंडी असली, की गाडी शिखराला टेकून परत खाली यायची. याला रोलबॅक म्हणतात. खाली चुंबकी ब्रेक असल्यामुळे धोका नसायचा आणि चाहते तर तो मिळावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचे.

आता ज्या प्रकरणात चाहत्यांचं गणित मला सगळ्यात आवडलं ते सांगतो. सीडर पॉइंटला २००३ पासून टॉप थ्रिल ड्रॅगस्टर होता. १२८ मीटरचा मनोरा आणि ३.८ सेकंदांत ताशी १९३. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीचा एक धातूचा तुकडा निसटून रांगेत उभ्या असलेल्या एका महिलेला लागला, तिला गंभीर दुखापत झाली आणि राइड बंद पडली. सप्टेंबर २०२२ मध्ये पार्कने जाहीर केलं की राइड आहे त्या रूपात निवृत्त होतेय आणि तिला नवं रूप देण्याचं काम चालू आहे. नवं रूप म्हणजे काय, ते मात्र ऑगस्ट २०२३ पर्यंत सांगितलं नाही. अंदाजांना मोकळं रान मिळालं.

जुन्या यंत्रणेत दाबलेल्या नायट्रोजनच्या जोरावर हायड्रॉलिक मोटर फिरायच्या, त्या एक ड्रम फिरवायच्या आणि ड्रमवरची दोरी गाडीला खेचायची. जोर दांडगा, पण देखभालीचा छळ. आता तशा राइड जवळपास कोणी बांधत नाही. जमाना रुळालगत बसवलेल्या लिनिअर इलेक्ट्रिक मोटरचा. अशी मोटर किती जोर लावते? स्पेनच्या फेरारी लँडमधल्या रेड फोर्सचा (२०१७) दाखला होता: ५ सेकंदांत ताशी १८०. मीटरमध्ये १२७. त्या ५ सेकंदांत गाडी कापते साधारण १२५ मीटर. म्हणजे धावेच्या दर मीटरला चढाईचा एक मीटर, थोडक्यात एक जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकाच जोर. ड्रॅगस्टरचे १९३ म्हणजे १४६ मीटर, ते जुनी दोरी शंभरेक मीटरच्या धावेत देत होती. रेड फोर्सच्या दराने गेलं तर १४६ मीटर सरळ पट्टा हवा. जागेवर मनोरा उभा, मागे स्टेशन. पट्टा आणायचा कुठून?

उत्तर असं निघालं की एकदम द्यायचंच नाही. तोच पट्टा तीनदा वापरायचा. गाडी पुढे ढकला, ती मनोऱ्यावर अर्धवट चढून परत येईल. येताना उलट दिशेला ढकला, ती मागच्या बाजूच्या उभ्या रुळावर चढेल. तिथून परतताना तिसऱ्यांदा ढकला. झोपाळ्यावरच्या पोराला आपण एका दणक्यात आढ्याला पोचवत नाही, तसंच. सुटायच्या जागेच्या मागे काँक्रीटचे भलेमोठे पाये दिसायला लागले तेव्हा या अंदाजाला बळ आलं. इतक्या रुंद पायावर छोटं काही उभं राहत नसतं. घोषणा झाली ती अशीच: टॉप थ्रिल २, इटलीच्या झांपेर्ला कंपनीचा, मागे १२८ मीटरचा दुसरा मनोरा आणि तीन खेपांचे वेग ताशी ११९, १६३ आणि १९३.

हे तीन आकडे नुसते वाचले तर वाटतं की दुसऱ्या खेपेला ४४ ची भर पडली आणि तिसऱ्या खेपेला जेमतेम ३० ची, मोटर थकली की काय. मीटरमध्ये करा: ५५, १०४, १४६. भर पडली ५५, मग ४९, मग ४२ मीटरची. मोटर जवळपास तेवढंच देतेय, फक्त दर फेरीत वर-खाली होताना चाकं आणि हवा आपला वाटा काढून घेतायत. शिवाय पहिल्या खेपेला गाडी मनोऱ्याच्या निम्म्याच्याही खाली थांबणार, मागच्या १२८ मीटरच्या मनोऱ्यावर १०४ च्या वर जाणार नाही, म्हणजे टोकापर्यंत वीसेक मीटर राखीव, आणि तिसऱ्या खेपेला पुढचा मनोरा पार होणार, हे सगळं पत्रकातल्या त्या तीन आकड्यांतून निघतं. मला तरी यात कोड्यापेक्षा जास्त आनंद मिळतो.

पण सगळं श्रेय भौतिकशास्त्राला देऊ नका. अर्धी बातमी सरकारी कागदांतून फुटते. अमेरिकेत २०० फुटांवर (६१ मीटर) काही बांधायचं तर विमान वाहतूक खात्याला आधी कळवावं लागतं आणि त्या नोंदी कोणालाही बघता येतात. चाहते त्या रोज चाळतात. उलट बाजूने, डिस्ने वर्ल्डमधला एक्स्पिडिशन एव्हरेस्टचा डोंगर १९९.५ फुटांवर थांबवलाय, म्हणजे शिखरावर विमानांसाठी लाल दिवा लावायची पाळी येत नाही. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या वर डोकं काढायला मनाई, म्हणून तिथला नेमेसिस (१९९४) खडक फोडून खड्ड्यात बसवला. त्या पार्कबद्दल कोणी १०० मीटरची अफवा आणली की जुनी मंडळी हसतात.

मग रुळांचे तुकडे ट्रकवरून यायला लागतात. दोन नळ्यांखाली चौकोनी पेटीसारखा कणा दिसला की स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीचं काम, नायट्रोही त्यांचाच. कणा नळ्यांचा तिकोनी सांगाडा असला तर बहुधा इंटामिन. वक्र तुकडा जमिनीवर पडलेला असेल तर फोटोवरून त्याची त्रिज्या मोजतात, आणि तिथे दुसरं सूत्र येतं. टेकडीच्या माथ्यावर किती वेग असेल तो घ्या, वर्ग करा, १२७ ने भागा. इतके मीटर त्रिज्या असेल तर माथ्यावर वजन शून्य. ताशी ८० ला ही त्रिज्या ५० मीटर. फोटोत २५ मीटर निघाली तर तुम्ही सीटवरून उचलले जाऊन पट्ट्यात अडकणार, तेवढ्याच जोराने उलटे. चाहत्यांच्या भाषेत इजेक्टर एअरटाइम. काही जण सगळा आराखडा नोलिमिट्स या सिम्युलेटरमध्ये चढवून उद्घाटनाच्या वर्षभर आधी पडद्यावर बसूनही येतात.

गणित कुठे तोंडघशी पडतं? पहिलं म्हणजे पैसा. ऑर्लँडोत ५०० फुटांहून उंच स्कायस्क्रेपर नावाची राइड जाहीर झाली होती, चित्रं आली, चाहत्यांनी वेग-जी सगळं काढून ठेवलं आणि ती कधी बांधलीच गेली नाही. समीकरणात कर्जाचा हप्ता नसतो. दुसरं म्हणजे टिकाऊपणा. टॉप थ्रिल २ मे २०२४ मध्ये उघडला आणि आठवडाभरातच बंद झाला, तो उरलेला हंगाम बंदच राहिला. पार्कने इतकंच सांगितलं की गाड्यांमध्ये यांत्रिक बदल करायचे आहेत. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. १९३ ला मनोरा पार होईल हे कागदावर दोन ओळींत दिसतं, पण त्या वेगात दिवसभर पळणाऱ्या चाकांवर किती उष्णता साठेल, दर उन्हाळी दुपारी काय होईल, हे बाहेरून कोणाला काढता येत नाही. त्यावर जो छातीठोक बोलतो त्याचं मी ऐकत नाही. तिसरं, हवामान. सकाळी वंगण थंड असतं, त्यामुळे तीच राइड संध्याकाळी जास्त जोरात पळते. भरलेली गाडी रिकामीपेक्षा जोरात जाते. वस्तुमान कटतं असं वर म्हणालो ते गळती सोडून, कारण हवेचा विरोध दोघींना सारखा आणि जड गाडीकडे भांडवल जास्त.

आता तुमची रील. ३०० मीटर, वर्गमूळ १७.३, गुणिले १६: ताशी २७७. हवा नसती तरी इतकंच. ४०० साठी २५ चा वर्ग, ६२५ मीटर उंची लागेल. म्हणजे रीलमधले दोन आकडे आपापसातच जुळत नाहीत, मधली ३२५ मीटरची ऊर्जा मोटरला द्यावी लागेल. रेड फोर्सच्या दराने तेवढा लांब मोटरचा पट्टा, आणि त्या वेगात हवा जे खाईल ते वेगळं.

तुलनेला खरी राइड आहे. सौदीतल्या सिक्स फ्लॅग्ज किद्दिया सिटीमधला फाल्कन्स फ्लाइट, २०२५ च्या अगदी शेवटी सुरू झालेला. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५०, लांबी सव्वाचार किलोमीटर, बांधणारे इंटामिन. १९५ चे होतात २२३, उरलेला वेग मोटरचा. आणि तो उभा आहे तुवैकच्या कड्याच्या आधाराने, म्हणजे बरीचशी उंची डोंगराकडून उसनी घेतलीय.

ती उसनवारी का लागते तेही हिशेबात दिसतं. उताराच्या तळाशी रूळ आडवा करताना प्रवाशाला ४ जी च्या आत ठेवायचं म्हटलं, तर वळणाची त्रिज्या उंचीच्या दोन तृतीयांश तरी हवी. हे गुणोत्तर उंची कितीही असो तेच राहतं. ३०० मीटरला २०० मीटर त्रिज्या, तीही फक्त पहिल्या वळणाची. पुढची प्रत्येक टेकडी त्याच मापात. भौतिकशास्त्र ३०० मीटरला नाही म्हणत नाही, पण सपाट जमिनीवर एवढं पोलाद उभं करून त्यात तासाला पुरेसे लोक बसवायचे आणि पैसे वसूल करायचे, हे करायला तयार असलेलं गिऱ्हाईक मला तरी दिसत नाही. रीलमध्ये बांधणाऱ्या कंपनीचं नाव होतं का? आणि तळाचं ते वळण किती मोठं काढलं होतं? स्क्रीनशॉट असेल तर कॉमेंटमध्ये टाका, त्रिज्या मोजून सांगतो.