वडिलांच्या रायफलची नळी लेथवर चढवण्याआधी

प्रश्न : आमचं गाव मोहोळ तालुक्यात, मी नोकरीसाठी सोलापुरात असतो. वडील 74 वर्षांचे. त्यांच्या नावावर .315 बोरची (बोर म्हणजे नळीचं आतलं माप) रायफल आहे, परवाना चालू आहे. नळी आतून गंजून गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पुसल्यात. ओळखीचा एक कारागीर म्हणतो, 'नळी आतून वाढवून .410 ची गुळगुळीत करून देतो, परवान्यावर काही बदलावं लागत नाही.' त्याला 5 हजार उचल दिली आहे. खंडेनवमीच्या पूजेत रायफल नीट असावी, एवढीच वडिलांची इच्छा. गेल्या दहा वर्षांत ती एकदाही वाजलेली नाही, तशी ती भंगारच. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि फार मोठी येईल. रायफल अजून घरातच आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ती तिथेच राहू द्या. 5 हजार बुडाले तरी चालतील.

'परवान्यावर काही बदलावं लागत नाही' हे त्या माणसाचं बोलणं सगळ्यात घातक आहे. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोर आणि क्रमांक लिहिलेला असतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 मध्ये पूर्वी नळी आखूड करणं आणि नकली हत्याराचं खरं हत्यार करणं, एवढ्याच गोष्टी होत्या. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने त्यात एका प्रवर्गातलं हत्यार दुसऱ्या प्रवर्गात नेणंही आलं. हे विनापरवाना केलं तर शिक्षा किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

त्यातून .410 चं प्रकरण वेगळंच आहे. ब्रिटिश काळात बंगालमधल्या ईशापूरच्या शस्त्र कारखान्यात .303 या लष्करी रायफलींच्या नळ्या वाढवून .410 च्या मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीच्या लांब बंदुका, तयार होत. पहारेकऱ्यांच्या हातातल्या बंदुकीत लष्कराचं काडतूस चालू नये, हा त्यामागचा हेतू. आजच्या म्हणजे 2016 च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत .410 ची मस्केट, आणि तिचं काडतूस उडवू शकेल असं दुसरं कुठल्याही बोरचं मस्केट, निषिद्ध शस्त्रांत मोडतं. म्हणजे आज कायदेशीर असलेली वडिलांची रायफल लेथवरून उतरेपर्यंत निषिद्ध झालेली असू शकते. निषिद्ध बोरचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो. विनापरवाना असं हत्यार बाळगलं तर 7 ते 14 वर्षं. आणि परवाना वडिलांच्या नावावर असल्याने पोलीस पहिला प्रश्न त्यांनाच विचारतील.

'भंगारच आहे' हा बचाव टिकणार नाही. कलम 45 मधली सूट दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. तुमची रायफल दुरुस्त होते, असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नळी घासताना, पॉलिश करताना तिच्यावरचा कारखान्याचा क्रमांक पुसट होतो. माझ्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याच्या बंदुकीवर फक्त शेवटचे दोन आकडे उरले होते, तेही भिंगाखाली धरल्यावर दिसले. क्रमांक खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडतं, त्यानेच तो खोडला असं कलम 8 प्रमाणे गृहीत धरतात. आपण खोडला नाही, हे मग त्यालाच सिद्ध करावं लागतं.

कायदा बाजूला ठेवला तरी रायफल गालाला लावून उडवतात, हे विसरू नका. नळी आतून कोरली की तिची भिंत पातळ होते, आणि तुमची नळी गंजाने आधीच खड्डे पडलेली आहे.

आता करायचं काय? पूजेला नळीतल्या खाचा लागत नाहीत. नुसती साफसफाई, तेलपाणी, बोल्ट आणि दस्त्याची डागडुजी करून घ्या, पण कलम 5 प्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातूनच. तो परवाना भिंतीवर पाहा, त्यात 'दुरुस्ती' लिहिलंय का तेही वाचा. वडिलांना सोबत नेणं जमत नसेल तर त्यांच्या सहीचं पत्र घ्या : रायफलचा क्रमांक, परवाना क्रमांक, दुकानाचं नाव, तारीख आणि 'दुरुस्तीसाठी' हा शब्द. परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीसाठी हत्यार नेण्याची मुभा कलम 3 मध्येच आहे. मूळ परवाना जवळ ठेवा, काडतुसं घरी ठेवा, दुकानातून पोच घ्या.

नळी बदलायचीच असेल तर .315 चीच नवी बसवा. नळी हाही कायद्याने शस्त्राचाच भाग आहे, म्हणून आधी जिल्हाधिकारी कार्यालयात वडिलांच्या सहीने अर्ज द्या आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे 2016 च्या नियमांप्रमाणे ते हयात असतानाच वारस म्हणून तुमच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येईल. तो याच वर्षी करा. वडिलांच्या पश्चात रायफल विनापरवाना घरात राहिली, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल.

त्या कारागिराला आजच फोन करून काम रद्द झाल्याचं सांगा, आणि तसा मेसेजही पाठवून ठेवा.