डायटमच्या रेषा दिसत नाहीत? आधी सफाई आणि माउंटिंग बघा

डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेली, एकाच पेशीची सूक्ष्म शैवालं. ती पाहायला तुम्ही नदीतल्या दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर ब्लीचमध्ये उकळला, थेंब काचेवर सुकवून पुन्हा पाण्यात पाहिला, तर फिकट चौकटी आणि पांढरे स्फटिक तेवढे दिसले. आता भारीतला मायक्रोस्कोप घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. तुमच्याकडचं १०० एक्सचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह (तेलाचा थेंब लावून वापरायचं, शंभर पट मोठं दाखवणारं भिंग) पुरेसं आहे.

अडचण माध्यमाची, म्हणजे कवच ज्यात बसवून पाहता त्या पदार्थाची आहे. सिलिकाच्या कवचाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो ते सांगणारा आकडा) साधारण १.४३ ते १.४५, पाण्याचा १.३३, स्लाइडसाठी नेहमी वापरतात त्या कॅनडा बाल्सम राळेचा १.५२. इतक्या कमी फरकात कवचावरचं नक्षीकाम उठून दिसणारच नाही. नॅफ्रॅक्स या राळेचा अपवर्तनांक १.७च्या आसपास असतो, म्हणून डायटमच्या कायमच्या स्लाइड सहसा त्यात करतात.

पांढरे स्फटिक म्हणजे न धुतलेलं मीठ. शिवाय ब्लीच अल्कधर्मी असतं, त्यात फार वेळ उकळलं तर पातळ कवचं विरघळायला लागतात.

नमुना घेताना वाहत्या पाण्यातले, उन्हात येणारे, मुठीएवढे पाच-सहा दगड निवडा. महिनाभर तरी सतत पाण्याखाली असलेले हवेत. पुराने नुकतेच उलटलेले नकोत. वरची बाजू टूथब्रशने थोड्या पाण्यात घासा. दर ठिकाणी नवा ब्रश वापरा, नाहीतर कृष्णेचे डायटम पंचगंगेच्या नावावर जमा होतात. सफाईआधी ताज्या थेंबात सोनेरी हरितलवके (प्रकाशातून अन्न तयार करणारे पेशीतले भाग) शाबूत असलेल्या पेशी किती आहेत ते पाहून ठेवा. साफ केलेल्या कवचावरून तो डायटम जिवंत होता की मेलेला, हे कळत नाही.

सफाईसाठी ५ ते १० मिली दाट नमुना २५० मिलीच्या बीकरमध्ये घ्या आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिली, थोडं थोडं करून घाला. बाटलीवर '१०० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं; औषधाच्या दुकानातलं २० व्हॉल्यूमचं म्हणजे जेमतेम ६ टक्के, त्याने काम होत नाही. हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावाच. कधी दहा मिनिटं काहीच होत नाही आणि मग फेस एकदम वर येतो, म्हणून बीकर मोठा हवा आणि झाकण नको. ९० अंशांवर एक ते तीन तास, तपकिरी रंग जाऊन गाळ पांढुरका-करडा होईपर्यंत तापवा. थंड झाल्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका, चुना निघून जातो. ब्लीच घातलेल्या नमुन्यात मात्र आम्ल कधीही टाकू नका, क्लोरीन सुटतो.

मग डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा. प्रत्येक वेळी रात्रभर स्थिर ठेवून वरचं पाणी अलगद ओता. इथे घाई केली की स्फटिक परत येतात. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार सुकताना तसेच उरतात.

धुतलेला नमुना किंचित गढूळ दिसेल इतका पातळ करा. त्याचा थेंब कव्हरस्लिपवर (स्लाइड झाकायच्या पातळ काचेवर) पसरून सपाट जागी, झाकून, आपोआप सुकू द्या. पंखा किंवा उष्णता लावली तर कवचं कडेला गोळा होऊन कडं तयार होतं. ४०० पटीत एका दृश्यात दहा-पंधरा कवचं सुटी दिसली की प्रमाण बरोबर. आता स्लाइडवर नॅफ्रॅक्सचा थेंब, त्यावर कव्हरस्लिप उलटी ठेवून हॉटप्लेटवर तापवा. टोल्युईनचे बुडबुडे येऊन थांबले की उतरवा आणि टूथपिकने हलकेच दाबा. वाफ विषारी आहे, खिडक्या उघड्या ठेवा.

नॅफ्रॅक्स महाग पडतं. ते मिळेपर्यंत सुकलेली कव्हरस्लिप कवचांची बाजू खाली करून नुसतीच स्लाइडवर ठेवा आणि कडा नेलपॉलिशने बंद करा. हवेमुळे उठाव भरपूर मिळतो; अगदी बारीक रेषा तेवढ्या उलगडत नाहीत.

पाहताना राफे, म्हणजे कवचाच्या मधली फट, आधी शोधा. मग १० मायक्रॉनमध्ये किती रेषा बसतात ते मोजा. ॲम्फिप्ल्युरा पेलुसिडा या डायटममध्ये त्या ३७ ते ४० असतात, त्यामुळे चांगल्या ऑब्जेक्टिव्हचीही कसोटी लागते; नॅव्हिक्युला या प्रजातीतल्या बहुतेक डायटमच्या रेषा सहज मोजता येतात.

नाव देताना युरोपातल्या पुस्तकातलं जवळचं चित्र पाहून ठरवू नका. सह्याद्रीतल्या अनेक जाती तिथे नाहीतच. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर केलेलं काम आधी ताडून पाहा. स्लाइडवर ठिकाण, तारीख, नमुना दगडावरचा की झाडावरचा आणि माउंटचं माध्यम लिहा, आणि धुतलेला उरलेला नमुना थोडं अल्कोहोल घालून बाटलीत जपून ठेवा. नावाबद्दल शंका आली तर त्यातूनच नवी स्लाइड करता येते.